सिंगापूर क्रूझ : व्हिसावरच्या एका शब्दापायी बंदरातूनच परत फिरलो

मे 2025 मध्ये सासूबाईंना घेऊन आम्ही चौघं सिंगापूरच्या क्रूझला निघालो. तीन रात्री, मलेशियातली पोर्ट क्लांग आणि पेनांग ही बंदरं आणि परत सिंगापूर. सगळी कागदपत्रं डोंबिवलीतल्या एका एजंटाकडे सोपवली होती. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव आलं होतं, म्हणून विश्वास टाकला.

मलेशियाच्या व्हिसाचे त्याने माणशी साडेतीन हजार घेतले. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासूनच भारतीय पर्यटकांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय! सिंगापूरच्या अरायव्हल कार्डाचे, म्हणजे तिथे शिरण्याआधी भरायच्या ऑनलाइन फॉर्मचे, हजार वेगळे लावले. ते कार्ड तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, फुकट भरता येतं. पैसेच गेले असते तर गप्प बसले असते.

खरा घाव पुढेच बसला. ही क्रूझ सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे आपण त्या देशात दोनदा शिरतो. आधी विमानाने, मग जहाजाने. त्यासाठी मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागतो. मी दोनदा विचारलं होतं. "ताई, मल्टिपलच काढलाय, निश्चिंत राहा." व्हिसाच्या पीडीएफ आल्या निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला. बॅगा भरायच्या गडबडीत मी फक्त नावं आणि पासपोर्ट नंबर ताडून पाहिले.

मरीना बे क्रूझ सेंटरच्या काउंटरवर त्या मुलीने कागदावर बोट ठेवलं. सिंगल. चौघांचेही सिंगल, आणि ते विमानतळावर वापरून झालेले. बॅगांना लावलेले जहाजाचे टॅग तिने आमच्यासमोर कात्रीने कापले. सासूबाई मागून विचारत होत्या, "अगं, आपला नंबर कधी?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. क्रूझचे पैसेही बुडाले, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असं तिकिटाच्या अटींतच लिहिलेलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर पीडीएफ निदान आठवडाभर आधी हातात घ्या. सिंगल की मल्टिपल, ते स्वतः वाचा. कुठल्या देशाला व्हिसा लागतो ते त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा आणि मगच पैसे द्या, तेही पक्की पावती घेऊन. आमच्याकडे पावती नाही. त्याने पैसे बायकोच्या खात्यावर मागवले होते. फोन उचलणं बंद केल्यावर मी चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. ती अजून चालू आहे.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर त्याची नवी जाहिरात आली, दिवाळीच्या क्रूझची. खाली दोघांनी दर विचारले होते. त्या दोघांच्या घरी मी रात्रीच जाऊन आले.