पायाची मोठी जखम: कातडी लावायची की फ्लॅप करायचा?

नेक्रोटायझिंग फॅसायटिसमधून (कातडीखालचे थर झपाट्यानं सडवणारा जंतुसंसर्ग) पेशंट वाचला, सडलेला भाग दोन-तीनदा थिएटरमध्ये नेऊन काढला, आणि आता घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय उघडा आहे. प्लास्टिक सर्जन ग्राफ्ट (दुसरीकडची पातळ कातडी लावणं) आणि फ्लॅप (रक्तवाहिन्यांसकट जाड भाग आणून बसवणं) अशी दोन नावं घेतात. घरच्यांची नजर जखम केवढी आहे याकडे जाते. निर्णय मात्र तळाला काय दिसतंय त्यावर ठरतो.

तळ लालबुंद, दाणेदार असेल तर ग्राफ्ट पुरतो. नुसतं दिसायला बरं म्हणून फ्लॅपच्या मागे लागू नये. मांडीवरून कातडीचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पापुद्रा काढतात, बहुतेकदा त्याला छिद्रं पाडून जाळीसारखा पसरतात. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस तो जखमेतल्या पाझरावर जगतो, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. तेवढ्यात खाली रक्त साचलं, पू झाला किंवा पाय हलला, की सुटून येतो. मांडीची जागा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ती पायापेक्षा जास्त दुखू शकते, याची पेशंटला आधीच कल्पना द्या. पुढे ग्राफ्ट आकसतो, त्यामुळे सांध्यावर असेल तर फिजिओथेरपी चुकवू नका.

उघड्या हाडावर किंवा आवरण गेलेल्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणारा दोर) ग्राफ्ट धरत नाही. तिथे स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारा फ्लॅपच लागतो. गुडघ्याखाली पोटरीचा स्नायू वळवून आणता येतो. घोट्याजवळ वळवण्याजोगा स्नायू फारसा नसतो. मग मांडीचा किंवा पाठीचा भाग रक्तवाहिन्यांसकट सोडवून मायक्रोस्कोपखाली पायाच्या वाहिन्यांना जोडतात. ऑपरेशन कित्येक तासांचं, नंतर निदान पहिला दिवसभर तासातासाला फ्लॅपचा रंग तपासायचा. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर पुन्हा थिएटर. मधुमेहात पायाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर किंवा अँजिओग्राफी तपासणीत काय निघालं ते विचारा.

व्हॅक मशीन (बंद पट्टीतून जखमेतला पाझर ओढून घेणारं यंत्र) जखम ग्राफ्ट किंवा फ्लॅपसाठी तयार करतं, टेंडनचा छोटासा भाग उघडा असेल तर त्यावर मांसही चढू शकतं. पण मोठं हाड उघडं असताना आठवडेच्या आठवडे नुसतं व्हॅक बदलत राहणं मला पटत नाही. हाड कोरडं पडून मरतं.

खर्चाचं बोलायचं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) ऑपरेशनआधीच विचारा. आणि तंबाखू, मिश्री, विडी आजच बंद करायला लावा. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि ग्राफ्ट असो वा फ्लॅप, दोन्ही त्यांच्यावरच जगायचे आहेत.