‘गॉड सेव्ह द क्वीन’: ए अँड एमची घ्यावी की व्हर्जिनची?

सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडची ही सिंगल (दर बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) सात इंची तबकडीवर हवी असं मनात आलं, की पहिला प्रश्न लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, येतो. गाणं एक, कंपन्या दोन. ए अँड एमने ती मार्च 1977 मध्ये दाबली, म्हणजे तबकड्या तयार केल्या (कॅटलॉग क्रमांक एएमएस 7284), आणि दुकानात जायच्या आधीच नष्ट करायला लावली. व्हर्जिनने 27 मे 1977 ला काढली (व्हीएस 181) आणि ती लाखाच्या वर खपली. 2022 मध्ये दोन्हींच्या नव्या आवृत्त्या आल्या, त्यामुळे पर्याय खरं तर चार. मी व्हर्जिनची जुनी घेतली. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी एक गैरसमज. विकणारे सर्रास लिहितात, की राणीविरोधी गाण्यामुळे ए अँड एमने रेकॉर्ड मागे घेतली. घटनांचा क्रम तसं सांगत नाही. 1 डिसेंबर 1976 ला बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात शिवीगाळ झाली, जानेवारीत ईएमआयने, म्हणजे बँडच्या आधीच्या कंपनीने, बँड सोडला. 10 मार्च 1977 ला बकिंगहॅम पॅलेससमोर ए अँड एमच्या कराराचा समारंभ झाला आणि 16 मार्चला तो करार संपलासुद्धा. मधल्या दिवसांत कंपनीच्या ऑफिसात बँडने घातलेला धिंगाणा आणि लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये बीबीसीच्या बॉब हॅरिसच्या कंपूशी झालेली मारामारी, एवढं पुरेसं होतं. सुमारे 25,000 प्रती दाबून झाल्या होत्या. त्या वाचल्या नाहीत त्या बँडच्या वागण्यामुळे. गाण्याच्या ओळींवरून वाद पेटायला अजून दोन महिने होते.

शब्दांसाठी मार खाल्ला तो व्हर्जिनच्या प्रतीने. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव जूनमध्ये होता आणि रेकॉर्ड बरोबर त्याच्या तोंडावर आली. बीबीसीने बंदी घातली, खासगी रेडिओवर देखरेख करणाऱ्या आयबीएनेही. वूलवर्थ्स, बूट्स, डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या दुकानांनी ती ठेवली नाही. कारखान्यातल्या कामगारांनीही सुरुवातीला ती दाबायला नकार दिला होता. तरी खपाच्या अधिकृत यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. वर गायक रॉड स्टुअर्ट. एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या यादीत मात्र पहिली. पहिला क्रमांक मुद्दाम नाकारला गेला, असं मानणारे आजही पुष्कळ आहेत.

अर्थाबद्दल थोडं, कारण निवडीशी त्याचा संबंध आहे. गाणं महोत्सवासाठी लिहिलेलं नव्हतं. ‘नो फ्यूचर’ नावाने ते आधीपासून तयार होतं. चालीत बँडचा बास वादक ग्लेन मॅटलॉकचा वाटा होता, शब्द गायक जॉनी रॉटनचे. रेकॉर्डिंगच्या आधीच मॅटलॉक बँडबाहेर पडला होता, तरी श्रेयात त्याचं नाव राहिलं. गाण्याचा रोख एलिझाबेथ या बाईंवर जेमतेम आहे. दहा लाखांहून जास्त लोक बेकार असलेल्या देशात सणासारखे झेंडे लावायचे आणि खालच्या वर्गातल्या पोरांनी त्यात टाळ्या वाजवायच्या, या व्यवहारावर तो आहे. देशाचा द्वेष नाही, उलट आपल्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीची चीड आहे, असंच रॉटन पुढेही सांगत आला.

हा अर्थ डोळ्यांना दिसतो तो व्हर्जिनच्या कव्हरवर. बँडचा चित्रकार जेमी रीडने पीटर ग्रुजनने काढलेला राणीचा अधिकृत फोटो घेतला, निळ्या-चंदेरी रंगात टाकला आणि खंडणीच्या चिठ्ठीसारख्या कापलेल्या अक्षरांनी डोळ्यांवर गाण्याचं नाव, तोंडावर बँडचं नाव चिकटवलं. ओठात सेफ्टीपिन असलेलं चित्र या कव्हरवर नाही, ते पोस्टरचं. पिनवाल्या कव्हरला ‘मूळ’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. ए अँड एमच्या प्रतीला चित्राचं कव्हरच नाही.

आवाजात फरक किती? दोन्हीकडे रेकॉर्डिंग तेच, वेसेक्स स्टुडिओतलं, निर्माता ख्रिस थॉमस. माझ्या कानाला तरी लेबलमुळे काही वेगळं जाणवत नाही. सुईची अवस्था आणि खाचेतली धूळ याने जास्त फरक पडतो. खरा फरक उलट्या बाजूला आहे. ए अँड एमवर ‘नो फीलिंग’ आहे, तेही डेव्ह गुडमनने 1976 च्या जुलैत केलेलं कच्चं डेमो. हे गाणं नव्याने रेकॉर्ड होऊन ऑक्टोबर 1977 च्या अल्बममध्ये आलंच. व्हर्जिनवरचं ‘डिड यू नो राँग’ त्या अल्बममध्ये नाही. अल्बम घरात असेल तर व्हर्जिनमुळे एक नवं गाणं हाती लागतं. कच्च्या डेमोची आवड असलेल्याला हा हिशेब उलटा वाटेल, हेही खरं.

माझ्यापुरतं पारडं झुकलं ते एका कटकटीमुळे: ए अँड एमची प्रत खरी आहे याची खात्रीच पटत नाही. वाचलेल्या प्रती फार थोड्या, लिलावात भाव दहा हजार पौंडांच्या वर गेलेले, म्हणजे नकला येणारच, आणि त्या भरपूर आहेत. दहापट भिंगाखाली तबकडीच्या मधलं कागदी लेबल पाहावं लागतं. सलग शाईच्या जागी बारीक ठिपके दिसले, किंवा कडेच्या सर्वांत छोट्या ओळीतली अक्षरं आतून भरलेली दिसली, तर लेबल फोटोवरून छापलेलं आहे. मग गाणं संपल्यावरच्या कोऱ्या पट्टीवरचे आकडे. तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागा आणि नामांकित लिलावातून गेलेल्या प्रतीशी एकेक अक्षर ताडून बघा; ठसा आणि हाताने कोरलेली अक्षरं यांत गल्लत करू नका. जाडी किंवा वजन हा पुरावा नव्हे. जुनं पिवळं पाकीट तर मुळीच नाही, ते कुठूनही आणता येतं. तबकडी आरशासारखी स्वच्छ, पण गाणं सुरू व्हायच्या आधीच खरखर येत असेल, तर ती दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेली असण्याची शक्यता जास्त. आता गंमत अशी, की एवढ्या किमतीची तबकडी विकणारा तुम्हाला वाजवू देत नाही. शेवटी भरवसा राहतो तो कागदांवर: ही प्रत कंपनीतल्या कोणाकडून निघाली आणि कोणाकोणाच्या हातून आली. ती साखळी एका जागी तुटली तरी मी सोडून देईन.

2022 ची ए अँड एम आवृत्ती हा ताप वाचवते. ती 1977 प्रतींचीच निघाली, त्याच वर्षीची व्हर्जिन 4000 प्रतींची. पण जाहिरातीत नुसतं ‘1977’ लिहिलेलं असतं तेव्हा ते साल आहे की प्रतींची संख्या, हे आधी लेखी विचारा. वाजवायची, भिंतीवर लावायची असेल तर ही आवृत्ती बरी. फक्त मागे घेतलेल्या प्रतीची गोष्ट तिच्यात नाही, लेबलची नक्कल तेवढी आहे.

व्हर्जिनची जुनी प्रत सहज मिळते. पण 2002 आणि 2007 मध्येही हे गाणं पुन्हा निघालं, तेव्हा कव्हरवर भुलू नका. बारकोड दिसला तर ती 1977 ची नाही. चंदेरी शाई आतल्या तबकडीच्या गोल कडेवर घासून निघते, म्हणून कव्हरचा फोटो खिडकीच्या उजेडातला मागा, फ्लॅशमध्ये हे डाग लपतात. ज्यूकबॉक्समधून (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रातून) आलेल्या प्रतीचं मधलं भोक मोठं केलेलं असतं, तिला अ‍ॅडॅप्टर लागेल. पुण्या-मुंबईला मागवणार असाल तर तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये ठेवायला सांगा. आत ठेवली तर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते. घरी आल्यावर बाहेरचं पाकीट पॉलिथिनचं वापरा. पीव्हीसीचं मऊ प्लास्टिक कालांतराने तबकडीवर धुकट डाग सोडतं.

आणि हट्ट ‘मागे घेतलेलीच सिंगल’ असा असेल, तर ईएमआयची ‘अनार्की इन द यूके’ (ईएमआय 2566) बघा. 26 नोव्हेंबर 1976 ला निघाली, जानेवारीत कंपनीने बंद केली, पण त्याआधी दुकानांतून विकली गेली होती, म्हणून खऱ्या प्रती आवाक्यात येतात. सुरुवातीच्या प्रती साध्या काळ्या पाकिटात आहेत आणि लेबलवर दोन्ही बाजूंना ख्रिस थॉमसचं नाव आहे. उलट बाजू खरं तर गुडमनची. ती चूक पुढच्या प्रतींत सुधारली, म्हणून चुकीच्या नावाची प्रत महाग.