मोठा वृद्धाश्रम की छोटा? आत्यासाठी दोन्ही पाहिले तेव्हा

आत्याला घरी सांभाळणं आता आपल्या आवाक्यात नाही, हे कबूल करायलाच आम्हाला काही महिने लागले. मग शोधाशोध झाली आणि शेवटी दोन जागा उरल्या. एक दीडशे खाटांची: लिफ्ट, चोवीस तास सिस्टर, व्यायामाची खोली, प्रत्येक खाटेला कॉलबेल. दुसरी एका बंगल्यातली, चौदाच माणसांची. तिथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि रात्री दोन मावशी असतात. आज ज्यांच्यापुढे हाच पेच आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

मोठ्या ठिकाणी प्रत्येक खाटेशेजारी पाण्याचा झाकलेला ग्लास होता. एका आजींची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली होती आणि त्यांचा ग्लासही नेमका उजवीकडेच ठेवलेला होता. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे माणूस पाणी मागतही नाही. कोणीतरी ते हातात द्यावं लागतं. बंगल्यातली मावशी ग्लास हातात देऊन दोन घोट पोटात जाईपर्यंत शेजारी उभी होती. पण कोण दिवसभरात किती प्यायलं, याची नोंद तिथे कुठेच नव्हती. मावशी रजेवर गेली की ती माहितीही तिच्याबरोबर जाणार. मोठ्या ठिकाणी मात्र प्रत्येकाची फाईल होती आणि दर महिन्याचं वजनही लिहिलेलं होतं. वजनाची नोंद मी आवर्जून बघते. महिन्याभरात ५ टक्के वजन घटलं, तर जेवणात, दातांत, गिळण्यात, औषधांत किंवा मनात काहीतरी बिनसलंय असं धरून चालावं.

रात्रीची गोष्ट जास्त महत्त्वाची. मोठ्या जागेत एका मजल्यावर चाळीस जण होते आणि रात्रपाळीला एक सिस्टर, दोन मावशी. समजा त्यातले वीस अंथरुणाला खिळलेले आहेत. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि ते काम नीट करायला बहुधा दोघी लागतात. एकाला पाच मिनिटं धरली, तर १२० मिनिटांतली १०० त्यातच गेली. मग ओले डायपर कोण बदलणार, बेल वाजली तर कोण धावणार? हा हिशेब मी तिथल्या व्यवस्थापकांसमोरच कागदावर मांडला. त्यांनी तो खोडून काढला नाही, याचं मला दुःखच झालं.

तरीही शय्याव्रणाच्या बाबतीत मोठ्या जागेची एक बाजू भक्कम आहे. तिथल्या सिस्टर ब्रेडन मोजपट्टी वापरतात. १९८७ पासून रूढ झालेली ही पद्धत जाणीव, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा गोष्टींना गुण देते. एकूण २३ पैकी १८ किंवा त्याहून कमी गुण आले तर धोका. बंगल्यात ही मोजपट्टी कोणाला ठाऊक नव्हती. पण एक मावशी आजोबांना पुसताना त्यांच्या टाचेवरचा लाल डाग बोटाने दाबून बघत होती. दाबल्यावर डाग पांढरा पडला. ‘अजून ठीक आहे, पण उशी ठेवते,’ म्हणाली आणि टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी सरकवली. दाबूनही लालसरपणा जात नसेल तर ती व्रणाची सुरुवात असते. हे तिला कोणी शिकवलं होतं, की वर्षानुवर्षं बघून कळलं होतं, कोण जाणे.

पडण्याची भीती दोन्हीकडे असते. बंगल्यात उंबरे होते, न्हाणीघरात धरायला एकच दांडी होती. मोठ्या ठिकाणी दांड्या जागोजागी, पण खाटेचे कठडे रात्रभर लावलेले. गोंधळलेला माणूस कठड्यावरून उतरायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो. बांधून ठेवणं हा तर उपाय नव्हेच, त्याने स्नायू आणखी दुबळे होतात. ‘इथे कोणाला बांधता का?’ असं मी दोन्हीकडे सरळ विचारलं. विचारायला संकोच करू नका.

औषधांचं थोडक्यात सांगते. डिमेन्शियाचा माणूस रात्री ओरडतो, फिरतो, म्हणून त्याला शांत करणारी मानसिक आजाराची गोळी सुरू होते आणि पुढे कोणी ती बंदच करत नाही. अशा औषधांनी या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. गोळी कोणी सुरू केली, कशासाठी, आणि ती कमी करण्याचा विचार कधी होणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मोठ्या ठिकाणी फाईलमध्ये सापडली. बंगल्यात डॉक्टर येईपर्यंत थांबावं लागलं.

माझं मत असं: नळीने जेवण, कॅथेटर, इन्सुलिन, खोल जखम यातलं काही असेल तर सिस्टर हवीच, मोठी जागाच बघा. माणूस चालता आहे पण विस्मरण वाढतंय, तर रोज तेच चेहरे दिसणारी छोटी जागा बरी, कारण अनोळखी हातांनी अंघोळ घातली की अशी माणसं घाबरतात. म्हणून गेल्या वर्षभरात किती जणी काम सोडून गेल्या हे विचारा. आणि भेटायला संध्याकाळी सातनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी जा, न कळवता.

आत्या चालती आहे, नावं विसरते. तिला बंगल्यात ठेवलं. पाणी, वजन आणि औषधांची वही सुरू करायची आणि न्हाणीघरात दुसरी दांडी बसवायची, अशा दोन अटी घातल्या, त्या त्यांनी आनंदाने मानल्या. ती अंथरुणाला खिळली तर हलवायचं, हेही भावंडांनी आत्ताच ठरवलंय, पण मोठ्या जागेत त्या मजल्यावर रात्रीची माणसं वाढली असतील तरच.