डायमंड टेस्टर घेताय तर करंट तपासणाराच घ्या

माझं आधीचं टेस्टर पेन नुसती उष्णता तपासायचं, त्यावर मोइसनाइटच्या (हिऱ्यासारखा दिसणारा पण वेगळा खडा) कुड्या सरळ हिरा म्हणून पास झाल्या आणि मी महिनोन्महिने त्या हिऱ्याच्याच समजत होते, खूप वाईट वाटलं. म्हणून आता हे उष्णता आणि करंट दोन्ही तपासणारं पेन घेतलंय आणि मला ते मनापासून आवडलंय.

हिरा तांब्याच्या साधारण पाचपट उष्णता वाहून नेतो, त्यामुळे काच आणि अमेरिकन डायमंड लगेच पकडले जातात, पण मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, तेही उष्णता भराभर ओढतं, तिथेच जुनं पेन फसतं. वीज मात्र साधा हिरा जवळपास जाऊच देत नाही आणि मोइसनाइट थोडी जाऊ देतं, नवीन पेन नेमकं तेच बघतं. फक्त पेनाच्या बाजूची धातूची पट्टी बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने अंगठीच्या धातूला धरायचं, कारण सर्किट आपल्या हातातून पूर्ण होतं. पहिल्यांदा मी पट्टी सोडून धरलेलं तर त्याच कुड्या परत हिरा दाखवल्या, बोट ठेवल्याबरोबर मोइसनाइटचा दिवा लागला!

आता तक्रार. मैत्रिणीचा निळा लॅबचा हिरा, सर्टिफिकेटवाला, यावर मोइसनाइट आला, बिचारीचा चेहरा एवढासा झाला. निळ्या हिऱ्यात बहुतेक वेळा बोरॉन असतं आणि बोरॉनमुळे हिरा वीज वाहून नेतो, ४५.५२ कॅरटचा होप डायमंडही त्यातलाच, पण माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही हे मला अजिबात पटलं नाही. लॅबचा की खाणीतला हेही हे पेन सांगत नाही, दोन्ही कार्बनच ना.

आणि कार्बनवरून आठवलं, घरी मल्टीमीटर असेल तर पेन्सिल दोन्हीकडून तासून शिशाला लावून बघा, आकडा लगेच येतो. शिशातल्या ग्रॅफाइटमधे प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना धरतो, उरलेला इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, हिऱ्यात चारही हात गुंतलेले, मग वीज नेणार कोण. मला तर हे बघायला हिऱ्याइतकंच भारी वाटलं.

पाच पैकी चार स्टार. खडा आधी पुसून घ्या, टोक सरळ उभं धरा आणि कोंदणाला लागू देऊ नका, बारीक खड्यांना दोन तपासण्यांच्या मधे जरा गार होऊ द्या नाहीतर रीडिंग चुकतं.