सूत्र की त्रैराशिक?

बांबोळीला नर्सिंग शिकताना औषध किती मिली द्यायचं ते काढायचं सूत्र घोकलं: हवा तो डोस भागिले बाटलीतला डोस, गुणिले मिली. झटपट होतं, पण एकक चुकलं तरी सूत्र गप्प बसतं. समजा, अमॉक्सिसिलिन 0.25 ग्रॅम लिहिलंय आणि बाटलीवर 5 मिलीत 125 मिग्रॅ. आकडे तसेच टाकले तर उत्तर 0.01 मिली! आधी 250 मिग्रॅ करायचे, मग येतात 10 मिली.

त्रैराशिक शाळेतलंच: 125 ला 5, तर 250 ला किती? मिग्रॅखाली मिग्रॅ मांडताना ग्रॅम लगेच खुपतो. म्हापशाहून पावसात भिजत रात्रपाळीला पोचले की मी हेच मांडते, आणि सोबतच्या सिस्टरला वेगळं करून बघायला सांगते.

इन्सुलिनला दोन्ही नकोत: मिलीला 40 युनिटच्या व्हायलला (बाटलीला) 40 चीच सिरिंज, थेट युनिट मोजायचे.