बस्टर कीटनच्या शॉर्ट्सचा ब्लू-रे सेट: बरेच महिने पाहिल्यावर

मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन याच्या १९१७ ते १९२३ मधल्या शॉर्ट फिल्म्सचा बॉक्स सेट घेऊन बरेच महिने झाले आणि अजूनही आठवड्यातून एखादी तरी लागतेच आमच्याकडे. आधी कामाचं सांगते, ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या (रीजनच्या) प्लेअरवरच चालतात; माझा सेट रीजन ए चा आहे आणि भारत येतो रीजन सी मध्ये, त्यामुळे सगळे रीजन चालवणारा मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर डिस्क चालणारच नाही. विकणाऱ्याने हे कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून विचारून घ्या.

यूट्यूबवर फुकट असताना विकत कशाला, असं सगळेच विचारतात. फरक स्पीडचा आहे हो! तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, ठरलेला असा एक स्पीड नव्हताच, आणि खराब कॉपी भलत्या स्पीडने चालवली की माणसं नुसती तुरुतुरु पळतात, टायमिंगची वाट लागते. 'वन वीक' (१९२०) घ्या. नवरा-बायको सुट्या भागांच्या किटमधलं घर जोडतायत, पण तिने नाकारलेल्या गड्याने खोक्यांवरचे नंबर बदललेत, म्हणून घर उभं राहतं ते वेडंवाकडं. शेवटी ते रुळावर अडकतं, गाडी येते, दोघं डोळे मिटतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणतायत तोवर उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा पार चुराडा! मधली ती उसंत जरा लांबली किंवा आखडली तर हसूच येणार नाही, इथे ती बरोब्बर बसलीय. शिवाय खरंखुरं घर उडवलंय, स्वच्छ प्रिंटमध्ये फळ्या उडताना दिसतात.

जमवणाऱ्यांसाठी खरा खजिना म्हणजे 'द ब्लॅकस्मिथ' (१९२२). वर्षानुवर्षं एकच आवृत्ती सगळे बघत होते, मग २०१३ मध्ये अर्जेंटिनाचे संग्राहक फर्नांदो मार्टिन पेन्या यांना वेगळीच आवृत्ती मिळाली. 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या जर्मन मूकपटाचे हरवलेले भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला सापडले, त्या शोधातही पेन्याच होते. तेव्हाचे सिनेमे ज्या नायट्रेट फिल्मवर असायचे ती आपोआप सडते, पेटही घेते, त्यामुळे कुणीतरी कुठेतरी जपलेली एखादी प्रिंटच सिनेमा वाचवते. सेटमध्ये 'ब्लॅकस्मिथ'च्या दोन्ही आवृत्त्या आहेत, मी लागोपाठ पाहिल्या, कुठला प्रसंग का बदलला असेल यावर घरात वादही झाले.

सगळं चकाचक नाहीये. 'डे ड्रीम्स' आजही अपुरीच आहे, काही ठिकाणी ओरखडे, डाग तसेच आहेत. मला चालतं. काही फिल्म्सचं संगीत मात्र फारच गडबड्या वाटलं, त्या मी म्यूट करून बघते.

घरात मुलं असतील तर पहिल्या डिस्कपासून क्रमाने जाऊ नका, सुरुवातीच्या, विनोदी नट रॉस्को 'फॅटी' आर्बकलबरोबरच्या फिल्म्स जरा विस्कळीत आहेत. आधी 'वन वीक', मग 'कॉप्स' लावा.