नाकातली नळी की पोटातली? सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहानग्यासाठी ठरवताना

दीड-दोन वर्षांच्या बाळाच्या एकेका जेवणाला तास लागतो, घासागणिक ठसका लागतो, वारंवार न्यूमोनिया होतो आणि वजनाचा काटा हलत नाही. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असताना, असं होऊ शकतं. अशा वेळी डॉक्टर थेट पोटात दूध पोचवणाऱ्या नळीचा विषय काढतात. घरचे बहुधा म्हणतात, ‘नाकातली चालेल, पोटाला भोक नको.’ ही भीती साहजिक आहे. पण नळी किती दिवस लागणार आणि ती निघाली तर परत कोण घालणार, हे दोन प्रश्न भोकापेक्षा मोठे आहेत.

त्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. बेरियम मिसळलेला घास मूल कसं गिळतं, हे त्यात एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न जातं, तरी ठसका लागत नाही. त्यामुळे ‘खोकत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं धरून चालू नका.

नाकातली नळी

ऑपरेशन नाही, भूल नाही, आज घातली तर आजच दूध सुरू. या वयाला साधारण 6 किंवा 8 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीची नळी लागते. साधी पीव्हीसीची नळी पोटातल्या आम्लामुळे कडक होते, म्हणून आठवड्याभरात बदलावी लागते. पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनची नळी चार ते सहा आठवडे टिकते.

खरी जोखीम नळीच्या जागेची. लांबी मोजताना नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजतात. नाकपुडीपाशी मार्करने खूण करा आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती पाहा. मग सिरिंजने नळीतून पोटातला थोडा रस ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर टाका. 5.5 किंवा त्याहून कमी आला, तरच भरवा. ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल, तर नळी योग्य जागी असूनही आकडा जास्त येऊ शकतो. त्या वेळी काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी शिकवतात. तिच्यावर विसंबू नका, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

मूल नळी उपसतं. गालावरची चिकटपट्टी कातडी सोलते, नाकपुडी दुखते. पुन्हापुन्हा नळी घातली गेली, की मूल तोंडाजवळ काहीही आलं तरी मान फिरवायला लागतं. महिनोन्‌महिने नाकातली नळी ठेवण्याचं हे मोठं नुकसान आहे आणि ते उशिरा लक्षात येतं.

पोटातली नळी, म्हणजे गॅस्ट्रोस्टोमी

पूर्ण भूल देऊन, बहुधा दुर्बिणीतून, पोटाच्या भिंतीतून सरळ जठरात नळी बसवतात. कातडीपासून जठरापर्यंतची ही वाट पक्की व्हायला दीड-दोन महिने लागतात. नंतर तिथे कातडीलगत चपटं ‘बटण’ बसवता येतं. कपड्याखाली ते दिसत नाही आणि पालथं झोपून करायची फिजिओथेरपीही सोपी होते.

बटण आतून पाण्याच्या फुग्याने धरलेलं असतं. बहुतेक लहान बटणांत 3 ते 5 मिली पाणी मावतं, नेमका आकडा तुमच्या बटणाच्या माहितीपत्रकात बघा. आठवड्यातून एकदा पाणी ओढून मोजा आणि डिस्टिल्ड वॉटरच भरा. सलाइन भरलं, तर मिठाचे कण झडप अडवतात. फुगा तीन ते सहा महिन्यांत जातो, मग नवीन बटण. हा कायमचा खर्च आहे, म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधीच त्याची चौकशी करा. काही रुग्णालयं बटणाऐवजी फोली कॅथेटर (मुळात लघवीसाठीची, फुग्याची नळी) ठेवतात. तो स्वस्त असतो, पण बाहेर अडवणारी चकती नसेल तर आत सरकून जठरातून आतड्याकडे जाणारी वाट बंद करतो. उलट्या सुरू झाल्या, तर आधी नळीची बाहेरची लांबी मोजा.

भोकाभोवती लाल, ओलसर मांस वाढणं नेहमीचं आहे. नळी हलत राहिली की ते वाढतं. आधी नळी नीट बसवून घ्या, गरज पडली तर डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट लावतात.

नळी निघाली, तर वेळ महत्त्वाची. भोक काही तासांतच आवळतं. वाट पक्की झाली असेल आणि तुम्हाला शिकवलं असेल, तर जवळ ठेवलेली नळी घालून भोक उघडं ठेवा, पण जागेची खात्री होईपर्यंत भरवू नका. पहिल्या दीड-दोन महिन्यांत मात्र घरी काहीच घालू नका, कारण नळी जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. सरळ रुग्णालय गाठा. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब असेल, तर हे दोन महिने कुठे राहायचं, हेही ऑपरेशनआधी ठरवा.

रोजच्या भरवण्यात पडणारा फरक

नाकातल्या बारीक नळीतून पातळ दूध किंवा तयार फॉर्म्युलाच नीट जातो. नाचणीची पेज गार झाली की दाटते आणि नळी तुंबते. पोटातली नळी 14 फ्रेंच किंवा जाड असेल, तर मुगाची मऊ खिचडी मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून देता येते. मात्र त्यात पाणी घालावं लागतं, म्हणजे उष्मांक घटतात. किती तूप-तेल घालायचं, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात वाटलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

दोन्हींत पद्धत एकच. मुलाला 30 ते 45 अंशांत टेकवा, 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा आणि 20 ते 30 मिनिटांत आपोआप उतरू द्या. नंतर निदान अर्धा तास आडवं करू नका. आधी आणि नंतर 5 ते 10 मिली पाणी सोडा. औषधं एकेक करून द्या, मध्ये पाणी, दुधात कधीच कालवू नका. फिट्सवरच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नका, त्यांचं पातळ औषध मागून घ्या.

दोन्ही नळ्या जे करत नाहीत

जठरातलं वर येणं पोटातल्या नळीने थांबत नाही आणि लाळ श्वासनलिकेत जाणंही थांबत नाही. उलट्या जास्त असतील, तर ऑपरेशनआधी त्याचा तपास व्हायला हवा. नळी आली म्हणून तोंड बंद करायचं, असंही नाही. गिळण्याच्या थेरपिस्टने परवानगी दिली, तर वरणाच्या पाण्याचं बोट, आंब्याच्या रसाचा थेंब चालू ठेवा.

आमचा कल

आजारपणानंतरचा अशक्तपणा किंवा ऑपरेशनआधी वजन वाढवणं, अशा चार-सहा आठवड्यांच्या कामाला नाकातली नळी. गरज महिन्यांची किंवा वर्षांची असेल, तर पोटातली, आणि ती लांबवू नये. फार खंगलेल्या मुलाला भूल जास्त जड जाते. म्हणून अशा मुलाला आधी नाकातून काही आठवडे भरवून मग शस्त्रक्रियेला घेणं, हा क्रम बरा पडतो.

मदतीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मूल तिथे पाठवलं जातं. सेरेब्रल पाल्सीसाठी केंद्र सरकारच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. नळी, बटण आणि सिरिंजा त्यात बसतात का, हे अर्ज भरतानाच लेखी विचारा.